माचिस आहे का?

मी पहिली सिगारेट पेटवली ती धुराची हौस म्हणून नव्हे. साल २००३, वय एकोणीस. नाशिकच्या सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, एका टपरीशी संध्याकाळी साडेसातनंतर काही पुरुष उभे असत. कुणी बसची वाट बघत असल्यासारखा, कुणी पान लावून घेत असल्यासारखा. बस येऊन जायची, पान चघळून संपायचं, माणूस तिथंच असायचा. ते तिथं का थांबतात हे मला कळायला दोन आठवडे लागले, आणि कळल्यावर मीही थांबू लागलो. पण बोलणार कसं? बोलायला निमित्त हवं, आणि ते एकच होतं. ‘माचिस आहे का?’

समोरच्यानं काडी ओढली, तळहाताचा आडोसा करून पुढं धरली, की दोन-तीन सेकंद दोघांचे चेहरे उजेडात यायचे. त्याची नजर खाली वळली तर ‘थँक्यू’ म्हणून निघायचं. नाही वळली तर थांबायचं. माझ्यासारखा आणखी कुणी या शहरात आहे, हे मला त्या काडीच्या उजेडात पहिल्यांदा कळलं. आता माचिस मागायची तर हातात सिगारेट पाहिजे. म्हणून घेतली. पहिल्या झुरक्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरचा हसून म्हणाला, ‘नवीन दिसतोस.’ तो सिगारेटबद्दल बोलत नव्हता.

पुढची सोळा वर्षं ती सिगारेट माझ्या बोटांत राहिली. २०१९ साली, चौथ्या खेपेला सुटली. हे आधीच सांगितलं, कारण पुढं जे लिहितोय ते अभ्यासकाच्या खुर्चीतून नाही.

माझं म्हणणं साधं आहे. व्यसनमुक्तीचं काम करणारी मंडळी तंबाखूकडे अज्ञान म्हणून बघतात. माणसाला धोका ठाऊक नाही, सांगितला की सोडेल, असा त्यांचा हिशेब असतो. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. पाकिटावरचं सडलेल्या तोंडाचं चित्र आम्हालाही दिसतं. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या इशाऱ्यानंच व्यापलेला आहे. आमच्यापैकी अनेकांना तंबाखू मिळाली ती जागा म्हणून. टपरी हे गावातलं असं एकच ठिकाण, जिथं एकटा पुरुष तासभर उभा राहिला तरी ‘इथं काय करतोस?’ असं कुणी विचारत नाही. देवळात विचारतात, बागेत पोलीस विचारतो, घरी तर विचारतातच. जागा द्यायची नाही आणि व्यसन तेवढं सोडायला सांगायचं, हे चालणार नाही.

ही गोष्ट सिगारेट कंपन्यांना फार आधी कळली. १९९० साली अमेरिकेत एड्सविरोधी लढा देणाऱ्या ‘अ‍ॅक्ट अप’ या गटानं फिलिप मॉरिस कंपनीच्या मार्लबोरोवर बहिष्कार पुकारला. त्यामागं आरोग्याचं कारण नव्हतं. जेसी हेल्म्स हा सिनेटर समलिंगी माणसांचा उघड वैरी होता, आणि ही कंपनी त्याला पैसा पुरवत होती. पुढच्या वर्षी कंपनीनं एड्सच्या कामाला देणग्या वाढवायचं कबूल केलं आणि बहिष्कार मिटला. १९९२ साली याच कंपनीच्या बेन्सन अँड हेजेस सिगारेटची जाहिरात समलिंगी वाचकांच्या एका मासिकात झळकली. मोठ्या सिगारेट कंपनीनं अशा मासिकात पाऊल टाकण्याची ही सुरुवात मानली जाते. साबण, मोटारी, बँका यांतलं कुणी अशा मासिकांच्या वाऱ्याला फारसं उभं राहत नसताना एका बड्या कंपनीनं छापील पानावर ‘तुम्ही आमचे गिऱ्हाईक आहात’ म्हणणं याचं अनेकांना अप्रूप वाटलं असणार. मला ते समजतं. मला कुणी ‘नवीन दिसतोस’ म्हटल्यावरही तसंच वाटलं होतं.

आता त्याच नाण्याची दुसरी बाजू. १९९५ साली आर. जे. रेनॉल्ड्स या दुसऱ्या कंपनीनं सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी विक्रीची योजना आखली. लक्ष्य होतं कॅस्ट्रो भागातले समलिंगी पुरुष आणि टेंडरलॉइन भागातले बेघर लोक. योजनेचं नाव ‘सबकल्चर अर्बन मार्केटिंग’, आणि आद्याक्षरं जुळवून कंपनीच्या कागदांवर लिहिलं होतं ‘प्रोजेक्ट स्कम’. इंग्रजीत स्कम म्हणजे मळी, पाण्यावर साचणारा घाणीचा तवंग. खटले आणि तडजोडींमुळे कंपन्यांना घरातले कागद खुले करावे लागले, तेव्हा हे जगाला कळलं. ज्यांच्या हाती पाकीट द्यायचं त्यांना कपाटातल्या फायलीत काय म्हणायचं, हे त्या एका शब्दात आहे. आपल्याकडे कुणी इंद्रधनुष्याचे रंग लावून काही विकायला येईल तेव्हा मला हाच शब्द आठवेल.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं खास एलजीबीटी, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी, तरुणांसाठी तंबाखूविरोधी मोहीम काढली ती २०१६ साली. छोट्या संस्था त्याआधीपासून धडपडत होत्या, त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण कंपनीला ही माणसं १९९२ साली दिसली आणि देशाच्या सरकारला अशी खास मोहीम काढायला २०१६ उजाडलं. मधल्या चोवीस वर्षांत किती फुफ्फुसं काळी झाली असतील.

नाशिकमध्ये असं काही घडलेलं नाही, हे कुणी म्हणेल आणि ते खरं आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या पाचव्या कलमानं तंबाखूच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाला बंदी आहे. आपल्याकडे जाहिरात मागच्या दारानं येते. वेलचीच्या नावानं, पानमसाल्याच्या नावानं, सिनेमातल्या मोठ्या नटाच्या तोंडून. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, तरी कॉलेज रोडच्या कुठल्याही कट्ट्यावर जा, आंब्याच्या नि पुदिन्याच्या वासाचा धूर सोडणारी पोरं दिसतील. ते रंगीत नळकांडं मोबाइलवरच्या व्हिडिओत बंडखोरीची खूण म्हणून मिरवतं. बाईच्या हाती सिगारेट देताना हाच डाव खेळला गेला होता. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींना सिगारेटी पेटवायला लावून त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटलं गेलं. ज्याला स्वातंत्र्य हवं आहे त्याला धूर विकणं सोपं जातं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास आमच्या गळ्यातून काढला. तेव्हापासून आम्ही उघड्यावर आलो. म्हणजे बाजाराच्याही नजरेत आलो.

मात्र महाराष्ट्राचा तंबाखूचा नकाशा वेगळा आहे आणि तो नीट बघितल्याशिवाय बोलणं फोल आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात. धूर काढणारे फक्त ३.८ टक्के. चघळणारे, दाढेत धरणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. या आकड्यांना रकाने दोनच, पुरुष आणि स्त्री. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या खान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं मोजली गेली होती. तंबाखूच्या तक्त्यात त्यांना रकाना नाही. समलिंगी स्त्री-पुरुषांची तर कुठंच नोंद नाही. त्यामुळे आमच्यात तंबाखूचं प्रमाण किती, याचा छापील आकडा मी देऊ शकत नाही. मी जे पाहिलं ते सांगू शकतो.

नाशिकरोडकडे एका घरात एक तृतीयपंथी गुरू आणि तिच्या पाच चेल्या राहतात. गुरूला आम्ही सगळे नानी म्हणतो. एचआयव्ही तपासणीच्या कामात मी स्वयंसेवक होतो तेव्हापासूनची ओळख. सकाळी सहाला गेलात तर नानी मोरीच्या कट्ट्यावर बसून मिसरी लावत असते. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, कुटायची, चाळायची, हे सगळं ती स्वतः करते, विकतची चालत नाही. डाव्या हाताच्या तळव्यावर चिमूटभर, उजव्या हाताचं पहिलं बोट, आणि अर्धा तास. तोंडाला फेस आणि डोळे लांब कुठंतरी. मग चेल्या द्वारका चौकाच्या सिग्नलला मंगतीला निघतात, प्रत्येकीच्या ओच्यात पुडी नि चुन्याची डबी.

‘नानी, सोडत का नाही?’ मी एकदा विचारलं.

‘बाळा, पहाटे चहावर निघायचं नि दुपारी चारला जेवायचं. मधे भूक कशानं मारू? आणि गाडीतला माणूस काच वर करता करता जे बोलतो ते ऐकायचं कशाच्या जोरावर?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकोटिन भूक मारतं हे खरं आहे. मेंदूपर्यंत पोचून क्षणभर धीर देतं हेही खरं आहे. इलन मायर या संशोधकानं २००३ साली मांडलं की अल्पसंख्य माणसावर भेदभावाचा, लपवाछपवीचा, ‘आता कोण काय म्हणेल’ या धास्तीचा एक जादा ताण रोजच्या ताणावर चढलेला असतो आणि तो आरोग्य पोखरतो. नानीनं हा सिद्धांत वाचलेला नाही. तिनं तो मला दोन वाक्यांत सांगितला.

मला राग येतो तो इथं. या घरात दर तीन महिन्यांनी आरोग्याचं माणूस येतं. एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पीअर एज्युकेटर, म्हणजे समाजातलाच कुणी, कंडोम देतो, गुप्तरोगाची तपासणी ठरवतो, सहा महिन्यांनी एचआयव्हीच्या चाचणीला नेतो. हे जाळं उभं करायला देशाला पंचवीस-तीस वर्षं लागली, आणि त्यानं हजारो जीव वाचवले. त्याच्या वहीत सगळं असतं. तंबाखूचा प्रश्न मी तरी त्या वहीत कधी पाहिला नाही. मी स्वतः ती वही हातात धरून नानीच्या दारात उभा राहिलो आहे, तिच्या बोटावरची मिसरी वाळलेली बघितली आहे, आणि पुढच्या रकान्याकडे वळलो आहे. तेव्हा माझ्याच खिशात पाकीट होतं.

डेन्मार्कमध्ये एचआयव्हीच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उपचार नीट मिळत असतील तर एचआयव्हीमुळे आयुष्याची पाचेक वर्षं कमी होतात, आणि धूम्रपानामुळे बारा वर्षांहून जास्त, असं त्यात दिसलं. ज्या आजारासाठी आपण इतकी यंत्रणा उभारली, त्याच्या दुपटीहून अधिक आयुष्य खिशातलं पाकीट खातंय आणि त्याबद्दल चकार शब्द नाही. शिवाय चेल्यांपैकी दोघी डॉक्टरला न विचारता गर्भनिरोधक गोळ्या घेतात, अंग भरावं, आवाज मऊ व्हावा म्हणून. त्या गोळ्यांतलं इस्ट्रोजेन आणि सिगारेट एकत्र आली की रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दोघीही सिगारेट ओढतात. त्यांना हे कुणी सांगायचं? औषधाच्या दुकानदारानं? तो गोळ्या कागदात गुंडाळून, बोट लागणार नाही अशा बेतानं काउंटरवर सरकवतो.

मग व्यसनमुक्तीच्या केंद्रात जावं. मी गेलो होतो, दुसऱ्या खेपेला. समुपदेशक चांगले होते, आवाजात माया होती. पहिला प्रश्न, ‘घरी मिसेस काही म्हणत नाहीत?’ मी म्हटलं, ‘म्हणतात.’ दुसरा, ‘मुलंबाळं?’ मी म्हटलं, ‘अजून नाहीत.’ तिथंच संपलं. पहिल्याच उत्तराला खोटं बोलल्यावर, मी नेमका कुठं, कुणाबरोबर, काय वाटलं की सिगारेट पेटवतो, हे खरं कुठून सांगणार होतो? आणि सोडायचं औषध तर त्यातच आहे, कधी नि कशानं तलफ येते ते ओळखण्यात. निघताना हातात पत्रक दिलं. त्यावर बाप, आई, दोन मुलं नि खाली ओळ, कुटुंबासाठी तंबाखू सोडा.

आपली सगळी तंबाखूबंदीची भाषा या कुटुंबावर उभी आहे. थिएटरातली जाहिरात बघा, शाळेतली पोस्टरं बघा. बाप खोकतो, लेक रडते. ज्यांना ते कुटुंब आहे त्यांच्यासाठी ही हाक रास्त आहे, तिनं लाखोंना सोडायला लावलं असेल. पण ज्याला चौदाव्या वर्षी बापानं दाराबाहेर काढलं त्याला ‘बापाच्या काळजीसाठी सोड’ कसं म्हणायचं? चौथ्या खेपेला माझी सिगारेट सुटली कारण माझा जोडीदार पहिले तीन दिवस रजा टाकून घरी बसला. तलफ उठली की दोघं गोदावरीच्या काठानं सोमेश्वरपर्यंत चालत जायचो. निकोटिनचं च्युइंगम, दोन मिलिग्रॅमचं, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, ते खिशात असायचं. तोही कुटुंबच होता. पत्रकावर त्याचं चित्र नव्हतं.

आमच्याच लोकांचा एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. भाड्यानं घर मिळत नाही, लग्नाचा हक्क २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं नाकारला, पोरं जीव द्यायला निघतात, आणि तू सिगारेट काय घेऊन बसलास? मला यात चूक दिसते ती एवढीच, की हे प्रश्न वेगळे आहेत असं धरलं आहे. पोराला घरातून काढलं त्या रात्री त्यानं काय पेटवलं हे बघा. आणि लढायला माणूस पन्नाशी-साठीत शिल्लक तर राहिला पाहिजे. माझ्या एका मित्राचं तोंड बत्तिसाव्या वर्षी माव्यानं आक्रसत गेलं. तीन बोटं उभी आत जायला हवीत, त्याचं एक जेमतेम जायचं. पाणीपुरी खाता येत नाही म्हणून तो आमच्यात यायचा बंद झाला. सर्वांत आधी आमच्या हक्कांसाठी घसा फोडणारा तोच होता.

दुसरा आक्षेप पोटाचा. विडीवर घरं चालतात, असं सिन्नरच्या बाजूला कुणीही सांगेल. माझी आजीच सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, पत्र्याचा फर्मा ठेवून तेंदूचं पान कापायचं, चिमूट तंबाखू, वळून, दोरा बांधून, संध्याकाळपर्यंत हजार. जन्मात एक विडी ओढली नाही तिनं, पण शेवटची दहा वर्षं खोकत राहिली. ज्यांना दुसरं काही मिळत नाही त्यांच्या शेजारी तंबाखू येऊन बसते, कधी मजुरी म्हणून, कधी धीर म्हणून. आजीला शेजारी दुसरं काम हवं होतं. नानीला दुसरा धीर हवा आहे. तिच्या हातून पुडी काढून घेणं एवढाच कार्यक्रम असेल तर मी त्यात नाही.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं पुष्कळसं नाशिकमध्येच करता येईल. राज्यभरच्या वैद्यकीय शिक्षणाचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२१ साली महाविद्यालयांना बजावलं की समलिंगी, पारलिंगी माणसांबद्दल अवमानकारक मजकूर शिकवू नका. अपमान थांबवला, ठीक झालं. आता रुग्णाला ‘मिसेस’ऐवजी ‘तुमच्याबरोबर घरी कोण असतं?’ असं विचारायला शिकवा. प्रश्न तेवढाच लांब आहे. एड्सच्या कामातल्या पीअर एज्युकेटरच्या वहीत तंबाखूचा एक रकाना वाढवा आणि त्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. त्याचं स्वतःचं व्यसन सोडवण्यापासून सुरुवात करा. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, नंबर मोफत आहे, पण पलीकडचा माणूस नानीचा आवाज ऐकून ‘सर’ म्हणणार असेल तर ती पहिल्या मिनिटाला फोन ठेवेल. महाराष्ट्रानं २०२० साली सुट्ट्या सिगारेटी विकायला बंदी केली. एकोणीस वर्षांच्या पोराच्या खिशाला परवडते ती सुट्टीच सिगारेट. ही बंदी टपरीवर दिसली पाहिजे.

आणि आमच्या बाजूनं एक पथ्य. आमच्या कार्यक्रमाला, प्राइडला, पार्टीला तंबाखूवाल्याचा, वेलचीच्या नावाखाली आलेल्या भाईबंदाचा पैसा घ्यायचा नाही. आज तो कुणी देत नाही. म्हणूनच ठरवायचं ते आज. अमेरिकेतल्या संस्थांनी पैसा समोर आल्यावर विचार केला, आणि भाडं थकलेलं असताना केलेला विचार कुठं जातो हे सांगायला नको.

आम्ही सातआठ जण दर रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडला एका मित्राच्या घरी जमतो. चहा, भेळ, कॅरम. नियम एकच, आत धूर नाही, पुडी नाही. पहिले काही रविवार पोरं दर वीस मिनिटांनी जिना उतरून टपरीवर जायची. आता तासाला एकदा जातात. एक जण परवा गेलाच नाही, त्याची राणी अडकली होती.

नानी मार्चमध्ये मिसरी सोडायला तयार झाली. मोरीच्या भिंतीवर चेलीनं रोज सकाळी कोळशानं एक रेघ ओढायची असं ठरलं. सतरा रेघा झाल्या. मग एक चेली सिग्नलवर मार खाऊन आली, डोकं फुटलं होतं. त्या रात्री नानीनं तवा चढवला. मी गेलो तेव्हा तिनं भिंत ओल्या फडक्यानं पुसून घेतली होती, सतराचा काळा डाग राहिला होता. मी काही बोललो नाही. गेल्या आठवड्यात परत गेलो. डागाच्या खाली नवीन चार रेघा होत्या, आणि चेली कोळसा घेऊन पाचवी कुठं ओढू म्हणून विचारत होती.